‘ओरे’ म्हणणाऱ्या आज्यांपर्यंत : जपानमधील भाषा आणि लिंगभाव यांवरील संशोधनाचा अनुभव

ईशान्य जपानमधील यामागाता प्रांतातल्या वयस्क स्त्रिया स्वतःबद्दल बोलताना कोणते शब्द वापरतात, या विषयावरचा माझा पीएच.डी.चा प्रबंध मार्च २०२४ मध्ये मान्य झाला. तेव्हापासून पुण्यात जपानी शिकणारे अनेक विद्यार्थी मला विचारत असतात की, शिष्यवृत्ती कशी मिळते, अनोळखी माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी कोण देते, खेड्यात कोणाच्या ओळखीने जायचे आणि या साऱ्याला पैसा किती लागतो. प्रत्येकाला वेगळे उत्तर लिहिण्यापेक्षा जे जसे घडत गेले ते त्याच क्रमाने एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हे लिहीत आहे.

जपानी क्रियापदाला लिंग नाही. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा जो फरक क्रियापदातच दिसतो तो तेथे दिसत नाही. बोलणारा पुरुष आहे की स्त्री हे ‘मी’ या अर्थाच्या शब्दावरून आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या छोट्या अव्ययांवरून सुचवले जाते. पुण्यातल्या वर्गात आम्ही शिकलो ते असे : ‘वाताशी’ सर्वांना चालते, ‘आताशी’ मुलींचे, ‘बोकु’ आणि ‘ओरे’ मुलांचे, शेवटचे ‘वा’ आणि ‘काशिरा’ बायकांचे, ‘झो’ आणि ‘झे’ पुरुषांचे. मी कोल्हापूर जिल्ह्यातली. आमच्या घरी आजी, आई, आत्या सगळ्या जणी ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असेच बोलतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पुण्यात शिकायला आल्यावर मात्र वसतिगृहातल्या मैत्रिणींनी आणि एका शिक्षिकांनी माझे हे बोलणे पुनःपुन्हा दुरुस्त केले. त्यामुळे जपानच्या तोहोकु, म्हणजे ईशान्य, विभागात वृद्ध स्त्रिया स्वतःला सर्रास ‘ओरे’ म्हणतात, हे जेव्हा प्रथम वाचनात आले, तेव्हा वर्गात शिकवला गेलेला तो नियम कोणाचा आणि कधीपासूनचा, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुढची सगळी धडपड त्याच प्रश्नासाठी झाली.

जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या शिष्यवृत्तीसाठी मी २०१८ मध्ये अर्ज केला. दूतावासाच्या शिफारशीने मिळणाऱ्या या शिष्यवृत्तीची घोषणा साधारणपणे एप्रिलमध्ये होते, कागदपत्रे मे महिन्यात द्यावी लागतात, त्यानंतर जपानी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांची लेखी परीक्षा आणि मग मुलाखत होते. वयाची अट पस्तिशीच्या आतली आहे. गुणपत्रिका, शिफारसपत्र, ठरावीक नमुन्यातील वैद्यकीय प्रमाणपत्र आणि संशोधनाचा आराखडा ही कागदपत्रे लागतात. त्यांपैकी आराखड्यावर निदान तीन-चार महिने काम झालेले असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जपानी स्त्रियांच्या भाषेचा अभ्यास’ एवढ्यावर कोणाचेही समाधान होत नाही. कोणत्या प्रदेशातल्या, कोणत्या वयाच्या, कोणत्या प्रसंगी बोलणाऱ्या स्त्रिया, हे आराखड्यात आले पाहिजे. मुलाखतीत मला प्रामुख्याने विचारले गेले ते हेच की, हे काम भारतात बसून का होणार नाही आणि बोलीभाषा कळत नसताना मी काय करणार आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधीच लिहून ठेवले होते : स्थानिक साहाय्यकाची मदत घेईन आणि पहिले वर्ष बोली ऐकण्यासाठी राखून ठेवीन.

पहिल्या फेरीत निवड झाल्यानंतरच विद्यापीठांकडे तात्पुरत्या स्वीकृतीचे पत्र, म्हणजे ‘नाइदाकुशो’, मागता येते, आणि त्यासाठी ऑगस्टअखेरपर्यंत जेमतेम काही आठवडे हाती असतात. या टप्प्यावर अनेकांचे घोडे अडते, कारण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अनोळखी विद्यार्थ्याच्या पत्राला उत्तर द्यायला प्राध्यापकांना सवड नसते. मी जानेवारीतच तीन प्राध्यापकांना जपानीतून पत्रे लिहिली होती. एकांनी उत्तर दिले नाही, एकांनी नम्रपणे नकार दिला, आणि सेंदाई शहरातील ज्या सेन्सेईंनी, म्हणजे प्राध्यापकांनी, आराखड्यावर बारीक अक्षरांत शेरे लिहून पाठवले तेच पुढे माझे मार्गदर्शक झाले. अंतिम निकाल यायला हिवाळा उजाडला. मधले महिने फार अस्वस्थतेचे होते. नोकरी सोडावी की नाही हे ठरवता येत नव्हते आणि घरी कोणाला निश्चित काही सांगताही येत नव्हते.

एप्रिल २०१९ मध्ये सेंदाईला पोचले. मोठ्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरताच रहिवासी कार्ड मिळते, राहण्याचे ठिकाण ठरल्यापासून चौदा दिवसांत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, तेथेच राष्ट्रीय आरोग्य विमाही काढला जातो. ही सर्व कामे एका दिवसात होतात आणि त्यांबद्दल भीती बाळगण्याचे कारण नाही. विमानाचे तिकीट आणि विद्यापीठाचे शुल्क शिष्यवृत्तीत असते. संशोधक विद्यार्थी म्हणून दरमहा १,४३,००० येन आणि पीएच.डी.ला प्रवेश मिळाल्यावर १,४५,००० येन मिळत; काही शहरांत त्यावर दोन-तीन हजारांची भर पडते. सेंदाईसारख्या शहरात, साध्या खोलीत राहून, यात नीट भागते. सुरुवातीच्या महिन्यात मात्र शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता उशिरा येतो, म्हणून घरभाडे, अनामत आणि अंथरूण-पांघरूण यांसाठी जवळ निदान दोन लाख येन असावेत.

ते पहिले वर्ष प्रवेशपरीक्षेच्या तयारीत आणि वाचनात गेले, आणि आज मागे वळून पाहताना तेच माझ्या संशोधनाचा पाया ठरले असे वाटते. ‘बायकांचे जपानी’ म्हणून आज जे ओळखले जाते त्याला इतिहास आहे आणि तो अगदी कागदोपत्री सापडतो. मुरोमाची काळात (चौदावे ते सोळावे शतक) दरबारातील स्त्रियांची एक वेगळी शब्दसंपदा होती. भात वाढायच्या पळीला आज घराघरांत म्हणतात तो ‘शामोजी’ हा शब्द तेथूनच आला. पण वाक्याच्या शेवटी येणारी जी अव्यये आज नाजूक, स्त्रीसुलभ मानली जातात त्यांपैकी बरीच १८८०-९०च्या दशकांत शाळेत जाणाऱ्या मुलींच्या तोंडी रुळली, आणि त्या वेळी सुशिक्षित पुरुषांनी त्यांवर कडाडून टीका केली होती. ओझाकी कोयो या कादंबरीकाराने १८८८ साली स्त्रियांच्या एका मासिकात या ‘तेयो’, ‘दावा’ अशा शेवटांचा समाचार घेतला, तो मूळ मजकूर मी वाचला आहे. जी बोली तेव्हा असभ्य ठरवली गेली तीच पुढे कादंबऱ्यांतील कुलीन नायिकांच्या तोंडी घातली गेली, आणि बघता बघता ती ‘परंपरेने चालत आलेली’ स्त्रियांची भाषा होऊन बसली. मियाको इनोउए आणि मोमोको नाकामुरा या दोन संशोधिकांनी हा प्रवास फार काळजीपूर्वक उलगडला आहे. दुसरीकडे ‘ओरे’ हा शब्द एदो काळापर्यंत (सतरावे ते एकोणिसावे शतक) स्त्रिया आणि पुरुष दोघेही वापरत असत; तो फक्त पुरुषांचा झाला तो प्रमाण भाषेत, आणि तोहोकुच्या खेड्यांत तो दोघांचाही राहिला. १९४१च्या सरकारी शिष्टाचारपुस्तिकेत पुरुषांना बरोबरीच्यांशी ‘बोकु’ म्हणण्याची मुभा दिलेली आहे. युद्धानंतर, १९५२ साली, राष्ट्रभाषा परिषदेने ‘वाताशी’ हेच सर्वांसाठी प्रमाण रूप असावे अशी शिफारस केली. कोणी स्वतःला काय म्हणावे हा प्रश्न शासनाच्या टेबलावर होता, हे वाचल्यावर माझ्या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

जुनी मासिके पाहण्यासाठी तेव्हा मला टोकियोला राष्ट्रीय संसद ग्रंथालयात जावे लागले. मे २०२२ पासून या ग्रंथालयाचे दुर्मिळ झालेले बरेच साहित्य जपानमध्ये राहणाऱ्या नोंदणीकृत वाचकाला घरबसल्या संगणकावर पाहता येते. जपानला पोचल्या पोचल्या ही नोंदणी करून टाकावी.

पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तो एप्रिल २०२०चा, आणि त्याच महिन्यात करोनामुळे आधी सात प्रांतांत आणि १६ तारखेपासून देशभर आणीबाणी जाहीर झाली. माझे संशोधन सत्तरी-ऐंशीतल्या स्त्रियांच्या घरी बसून करायचे होते. ते कधी सुरू होईल हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि शिष्यवृत्तीची तीन वर्षे मात्र सरत होती. त्या दिवसांत रात्री झोप लागत नसे. सेन्सेईंनी सांगितले की, परवानगीचे काम आणि तयार ध्वनिमुद्रणांचा अभ्यास ही दोन्ही कामे घरी बसून होऊ शकतात, ती आत्ताच उरकून घ्यावीत.

तयार साहित्य जपानमध्ये भरपूर आहे आणि त्याची माहिती आपल्याकडे फारशी नाही. टोकियोच्या पश्चिम भागातल्या ताचिकावा येथील राष्ट्रीय भाषा संशोधन संस्थेने रोजच्या संभाषणांचा एक मोठा संग्रह केला आहे. त्याचा पन्नास तासांचा भाग २०१८च्या अखेरीस आणि पूर्ण दोनशे तास मार्च २०२२ मध्ये खुले झाले. ‘चुनागोन’ या त्यांच्या शोधयंत्रणेत विनामूल्य नोंदणी करून घरातली, दुकानातली, जेवणावरची खरी वाक्ये पाहता येतात. हा संग्रह बहुतांशी टोकियो आणि आसपासचा आहे, त्यामुळे यामागाताबद्दल त्यातून काही कळत नाही. पण ज्या टोकियोच्या स्त्रियांच्या नावावर ती नाजूक अव्यये खपवली जातात, त्या टोकियोतही तरुण स्त्रिया ती क्वचितच वापरतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शिगेको ओकामोतो यांनी १९९०च्या दशकात टोकियोतील विद्यार्थिनींबद्दल हेच दाखवून दिले होते. आज ती अव्यये मला सर्वांत जास्त आढळतात ती परदेशी चित्रपटांच्या जपानी भाषांतरात आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत.

आता परवानगीबद्दल, कारण सर्वाधिक प्रश्न याच बाबतीत येतात. माणसांशी संबंधित संशोधनाला विद्यापीठाच्या नैतिकता परीक्षण समितीची मान्यता लागते. आधी संशोधननीतीचा संगणकावरचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याचे प्रमाणपत्र जोडायचे, मग अर्ज, संशोधनाचा आराखडा, सहभागी व्यक्तींसाठी माहितीपत्रक, संमतिपत्र, संमती मागे घेण्याचे पत्र, प्रश्नावली आणि ध्वनिमुद्रणे कोठे, किती वर्षे, कोणत्या कुलपात राहतील याचे टिपण. समितीची बैठक ठरावीक महिन्यांतच होते आणि शंका निघाल्या की अर्ज पुढच्या बैठकीवर जातो. म्हणून प्रत्यक्ष कामाच्या निदान सहा महिने आधी अर्ज द्यावा. माझ्या अर्जावर आलेल्या शंका रास्त होत्या. ध्वनिमुद्रणात ज्या शेजारणीबद्दल बोलले जाईल तिची संमती कोण घेणार? नवऱ्याने बायकोच्या वतीने सही केली तर ती ग्राह्य धरणार का? प्रश्नावलीत ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ असे दोन चौकोन कशासाठी आहेत आणि ज्याला त्यांत बसायचे नाही त्याने काय करावे? शेवटच्या प्रश्नावर मी बराच विचार केला. ज्या संशोधनाचा विषयच लिंगभाव आहे त्याने दारातच माणसाला दोन रांगांत उभे करणे मला पटेना, म्हणून चौकोन काढून टाकले आणि तेथे एक रिकामी ओळ ठेवली : ‘आपण स्वतःचे वर्णन कसे कराल?’ या ओळीवर बऱ्याच आज्यांनी ‘शेतकरी’ असे लिहिले. संमतिपत्र मोठ्या अक्षरांत, प्रत्येक कांजीवर, म्हणजे चिनी चित्राक्षरावर, उच्चार देऊन छापावे आणि सहभागी व्यक्तीने स्वतः सही करावी ही अट लेखी ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

वृद्धांचे लसीकरण एप्रिल २०२१ मध्ये सुरू झाले आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूत मला पहिल्यांदा गावात जाण्याची परवानगी मिळाली. गावाचे नाव मी प्रबंधात दिलेले नाही आणि येथेही देत नाही. सेंदाईहून यामागाता शहराला बसने तासाभरात आणि तेव्हा साधारण हजार येनमध्ये जाता येई. पुढची गावची बस दिवसातून मोजक्याच वेळा असते, ती चुकली की टॅक्सीला प्रवासखर्चाच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात.

ओळख कशी काढावी, हा सर्वांत नाजूक भाग. अनोळखी क्रमांकावरून फोन मुळीच करू नये. जपानमध्ये ‘ओरे, ओरे’, म्हणजे ‘मी बोलतोय, मी’, असे म्हणून नातू किंवा मुलगा असल्याचे भासवणारी आणि म्हाताऱ्या माणसांकडून पैसे उकळणारी फोनवरची फसवणूक इतकी बोकाळलेली आहे की, घरातला फोन सदैव उत्तरयंत्रावर ठेवा, असे पोलीसच ज्येष्ठांना सांगतात. मी आधी सेन्सेईंच्या सहीचे पत्र गावच्या ‘कोमिनकान’ला, म्हणजे समाजमंदिराला, पाठवले. तेथील व्यवस्थापकांनी ते वस्तीच्या प्रमुखांना दाखवले, आणि मग माझे छायाचित्र असलेला एक पानी मजकूर ‘काइरानबान’वर लागला. ही एक पाटी असते. तिला सूचनांचे कागद अडकवलेले असतात आणि ती एका घरातून दुसऱ्या घरात हातोहात फिरते, प्रत्येक घर आपला शिक्का मारून ती पुढे देते. पाटी सगळ्या वस्तीतून फिरून यायला काही आठवडे लागले. तोवर गप्प बसून राहणे फार कठीण गेले, पण ती परत आली तेव्हा मी गावात उतरण्याआधीच माझे नाव सगळ्यांना ठाऊक झालेले होते.

पहिल्या भेटी नकाराच्याच होत्या. ‘आमची भाषा घाणेरडी, तुला चांगली जपानी शिकायची तर शहरात शिक्षिकेकडे जा,’ असे मला दारोदार ऐकावे लागले, आणि ते खोट्या नम्रतेने म्हटलेले नव्हते. ज्या पिढीला शाळेत बोलीबद्दल बोलणी खावी लागली ती परक्यासमोर बोली बोलत नाही. एका आजींनी मला आत बोलावले. कोतात्सुखाली, म्हणजे पांघरूण घातलेल्या तापत्या बैठ्या मेजाखाली, पाय घेऊन आम्ही बसलो, त्यांनी मुरवलेल्या काकडीची आणि मुळ्याची बशी पुढे सरकवली, सही केली, आणि मी यंत्र सुरू करताच त्या दूरदर्शनवरच्या निवेदिकेसारखे शुद्ध, जपून जपून बोलू लागल्या. प्रत्येक वाक्यात ‘वाताकुशी’, म्हणजे अतिऔपचारिक ‘मी’. तासभर तसेच चालले. मग पाठीमागच्या दाराने शेजारीण आली आणि आजी वळून तिला म्हणाल्या, ‘ओरे आत्ताच चहा टाकणार होतो’. मराठीत सांगायचे तर ते मला असेच ऐकू आले. तेव्हा मी त्यांना आमच्याकडच्या बायकांचे सांगितले. माझी आजीही ‘येतो’ म्हणते, ‘जेवलो’ म्हणते, आणि शहरात गेल्यावर माझे हे बोलणे सुधारण्यात आले, हे ऐकून दोघी जणी माझ्याकडे पाहतच राहिल्या. ‘म्हणजे तिकडेही सुधारतात?’ असे शेजारणीने विचारले. त्या दिवसापासून त्या मला आपल्या चहाच्या बैठकीत धरू लागल्या, आणि माझे काम खऱ्या अर्थाने सुरू झाले.

त्यानंतर मी पद्धतही बदलली. यंत्र आज्यांच्याच हाती दिले आणि चहाच्या वेळी मी नसताना त्यांनीच ते सुरू करावे, नको वाटेल तेव्हा बंद करावे, आणि नंतर ऐकून जो भाग द्यायचा नसेल तो माझ्यासमोर पुसून टाकावा, असे ठरवले. या बदलासाठी समितीकडे पुन्हा अर्ज करावा लागला आणि दोन महिने गेले, पण त्यामुळे जे बोलणे मिळाले ते मी समोर बसून कधीच मिळाले नसते. २०२२च्या शरदात नदीकाठी ‘इमोनी’ झाली. मोठ्या कढईत अरवीचे कंद आणि गोमांस सोया सॉसमध्ये शिजवून सगळी वस्ती एकत्र जेवते. त्या एका दुपारच्या ध्वनिमुद्रणात एकच आजी समवयस्क मैत्रिणीशी ‘ओरे’, नगर कार्यालयातून आलेल्या तरुणाशी ‘वाताशी’ आणि नातवाशी ‘बाचान’, म्हणजे ‘आजी’, असे तीन प्रकारे स्वतःला संबोधताना ऐकू येतात. ‘स्त्रिया असे बोलतात’ हे विधान या दुपारपुढे टिकत नाही.

आराखड्यात नसलेला पण प्रबंधाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग याच भेटींतून निघाला. यामागाताच्या खेड्यांतून तरुण मुली शहरात निघून गेल्यामुळे शेतकरी घरांतल्या मुलांची लग्ने होईनात, तेव्हा १९८५ साली आसाही या गावाच्या आणि पुढच्या वर्षी ओकुरा गावाच्या प्रशासनाने पुढाकार घेऊन फिलिपीन्समधील स्त्रियांशी विवाह जुळवले. पुढे खासगी मध्यस्थांमार्फत कोरिया आणि चीनमधूनही सुना आल्या. या स्त्रियांना जपानी शिकवले ते सासूने, स्वयंपाकघरात आणि शेतात. माझ्या परिचयाच्या एका बाईंनी सांगितले की, गावात त्यांच्या ‘ओरे’चे कौतुक व्हायचे, पण शहरातल्या एका वृद्धाश्रमात कामाला लागल्यावर तेथील वरिष्ठांनी, परदेशी बाईने असे पुरुषी बोललेले बरे दिसत नाही, असे बजावले. त्यांनी तीस वर्षांची भाषा कामापुरती बदलली आणि घरी आल्यावर सासूशी मात्र पूर्वीसारख्याच बोलत राहिल्या. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता. हा प्रसंग प्रबंधात घेण्याआधी मी त्यांना तो परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. अशा स्त्रियांसाठी संमतिपत्र त्यांच्या मातृभाषेतही द्यावे. तीस वर्षे जपानी बोलणाऱ्या व्यक्तीला कांजी वाचता येतेच असे नाही.

ट्रान्स्क्रिप्शनबद्दल, म्हणजे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवण्याबद्दल, थोडक्यात. ‘एलान’ हे नेदरलंड्समधील माक्स प्लांक संस्थेचे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे आणि पुरेसे आहे. चांगल्या ध्वनिमुद्रक यंत्राला आणि दोन कॉलर माइकना मिळून तीस हजार येनच्या आसपास खर्च आला. एक तासाच्या बोलीतील गप्पा उतरवायला मला सुरुवातीला आठवडा लागे, कारण तोहोकुच्या उच्चारांत ‘सुशी’, काजळी या अर्थाचा ‘सुसु’ आणि सिंह या अर्थाचा ‘शिशी’ हे तिन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी प्रत्येक पान तपासून दिले. त्यांचे मानधन विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे तासावर दिले गेले. सहभागी स्त्रियांना हजार येनचे भेटकार्ड आणि प्रत्येक भेटीला सेंदाईची मिठाई, एवढेच. भेटकार्डाची सहीनिशी पोचपावती घ्यावी लागते, ती घेताना आज्यांना संकोच वाटतो, म्हणून ते काम संमतिपत्राबरोबर पहिल्याच दिवशी उरकावे.

शिष्यवृत्ती मार्च २०२३ मध्ये संपली आणि प्रबंध अपुरा होता. राष्ट्रीय विद्यापीठाचे वार्षिक प्रमाण शुल्क ५,३५,८०० येन; मी शुल्कमाफीसाठी अर्ज केला आणि निम्मे शुल्क माफ झाले. उरलेल्या पैशांसाठी आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत भाषांतराचे काम केले. त्यासाठी इमिग्रेशन कार्यालयाची वेगळी परवानगी लागते, आणि ती शिष्यवृत्ती चालू असतानाच काढून ठेवावी. लिहिण्याची गती त्या वर्षात निम्म्यावर आली, हेही आधीच गृहीत धरावे.

लिहिताना सर्वांत जास्त वेळ गेला तो ओळख झाकण्यात. २०१३ पासून जपानमधील पीएच.डी.चे प्रबंध इंटरनेटवर खुले करावे लागतात. लहान गावात नाव बदलून भागत नाही. ‘दोन मुली शहरात, एक परदेशी सून’ अशा एखाद्या तपशिलावरूनसुद्धा शेजारी घर ओळखतात. म्हणून मी वय दशकात दिले, कुटुंबाचे तपशील काढले, आणि काही अतिशय सुंदर वाक्ये, जी बोलणारीशिवाय दुसऱ्या कोणाची असूच शकत नव्हती, वगळली. परीक्षकांपैकी एकांनी जाहीर तोंडी परीक्षेत याच वगळण्याबद्दल विचारले आणि उत्तर ऐकून ते लेखी टिपणात जोडायला सांगितले.

पदवी मिळाल्यावर एप्रिलमध्ये कोमिनकानमध्ये बैठक झाली. प्रबंधाचा सोपा सारांश मोठ्या अक्षरांत छापून नेला होता, आणि ज्यांनी मागितले त्यांना त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची प्रत दिली. दोन घरांत ती मुलांनी मागितली, कारण बोलणाऱ्या आजी मधल्या काळात गेल्या होत्या. संमतिपत्रात ‘माझ्या पश्चात ध्वनिमुद्रण कोणाला द्यावे’ ही ओळ सेन्सेईंच्या सांगण्यावरून घातलेली होती, म्हणून ते देता आले. तुमच्या नमुन्यात ती नसेल तर अवश्य घाला. मूळ ध्वनिमुद्रणे समितीला कळवल्याप्रमाणे दहा वर्षे विद्यापीठात राहतील. ज्यांना येत्या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी घोषणेची वाट न पाहता जानेवारीत प्राध्यापकांना पत्र लिहावे, आणि आराखड्यात गावाचे नाव लिहिण्याआधी त्या गावच्या कोमिनकानला एक पत्र टाकून पाहावे.